पतंगवाल्याचा पंख

पॅराग्लायडिंगचा विषय निघाला की बीरचं नाव येतंच. रायपूरजवळच्या बीरगांवात राहणाऱ्याने त्यावर हुरळून जाऊ नये. ते बीर हिमाचलातलं, कांगडा जिल्ह्यातलं. वर बिलिंगहून उडायचं, खाली बीरला उतरायचं. २०१५ साली तिथे या खेळाची विश्वचषक स्पर्धाही झाली. आपलं बीरगांव उरला-सिलतराच्या कारखान्यांना लागून, सपाटीवरचं. इथे मान वर करून पाहावं तर धुराडी.

या खेळाचं कूळ शोधत गेलं तर गंमत अशी, की त्याच्या मुळाशी वैमानिक नाही, एक पतंगवाला आहे. डोमिना जाल्बर्ट मूळचे क्वेबेकचे, अमेरिकेत स्थायिक झालेले. पतंग आणि फुगे बनवणं हा त्यांचा धंदा. तोवरचं पॅराशूट म्हणजे छत्री: वारा अडवायचा आणि सावकाश खाली यायचं. जाल्बर्ट यांनी कापडाचे दोन थर घेतले, मध्ये उभे पडदे शिवून त्यांचे कप्पे केले आणि पुढची कड उघडी ठेवली. उशीच्या अभ्र्यात वारा भरावा तशी समोरून येणारी हवा कप्प्यांत शिरते आणि कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. ना काठी, ना चौकट. हवा भरलेली आहे तोवरच तो पंख. १९६४ साली त्यांनी या 'पॅराफॉइल'च्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६६ मध्ये ते मिळालं. आजचे पॅराग्लायडर याच तत्त्वावर चालतात.

त्याच सुमारास डेव्हिड बॅरिश अवकाशयानाची कुपी उतरवण्यासाठी वेगळ्या तऱ्हेचा कापडी पंख करत होते. १९६५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत, बर्फावर घसरण्याच्या उतारावरून ते स्वतःच तो घेऊन उडाले. पुढच्या उन्हाळ्यात ठिकठिकाणच्या स्की-केंद्रांवर त्यांनी हा खेळ दाखवला. कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही. म्हणजे कल्पना होती, पंख होता, उतार होता. नव्हती ती फक्त गरज.

गरज निघाली फ्रान्समध्ये, आणि तीही पैशांची! पॅराशूटने उडी मारायची तर विमान हवं, आणि विमानाचं भाडं भरमसाट. २५ जून १९७८ रोजी ज्याँ-क्लोद बेतां, आंद्रे बोन आणि जेरार बोसों हे तिघे आल्प्समधल्या मियुसी गावाजवळच्या पेर्तुइझेच्या उतारावर चौकोनी पॅराशूट घेऊन गेले आणि धावत सुटले. बेतां थोडंसंच अंतर उडाले. मागोमाग बोन निघाले, ते हजारेक मीटर खाली दरीतल्या फुटबॉलच्या मैदानावर जाऊन उतरले. कुळकथा खऱ्या अर्थाने इथून धरावी, असं मला वाटतं. बॅरिश यांच्या मागे कुणी आलं नाही. या तिघांच्या मागे गाव आलं, क्लब आला, शाळा आली. दहाच वर्षांनी, २६ सप्टेंबर १९८८ ला, ज्याँ-मार्क ब्वाव्हँ एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडाले आणि दहा-बारा मिनिटांत खालच्या छावणीत पोहोचले. गिर्यारोहकांना हा पंख आवडला तो याचसाठी: पाठपिशवीत मावतो आणि गुडघे वाचवतो.

ही सगळी मंडळी मुख्यतः खाली येत होती. वर जायचं तर वाऱ्याची साथ लागते, आणि ती सह्याद्रीत मिळते. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवतात, ते इथे कामाला येतात. दुपारी जमीन तापली की अरबी समुद्रावरची हवा आत सरकते, डोंगराच्या अंगावर आपटते आणि तिला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. त्या चढत्या पट्ट्यात पंख राहिला की उंची टिकते, प्रसंगी वाढते. लोणावळ्याच्या पुढे, पुणे-मुंबई लोहमार्गावरचं कामशेत हे या खेळाचं महाराष्ट्रातलं मोठं ठाणं झालं. १९९७ साली तिथे 'निर्वाणा ॲडव्हेंचर्स' ही शाळा सुरू झाली, पुढे आणखी शाळा आल्या. टॉवर हिल आणि शिंदेवाडीचे डोंगर ही शिकाऊंची ठिकाणं. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे.

डोंगराला आपटून वर जाणारा वारा एक, आणि तापलेल्या माळावरून सुटणारा गरम हवेचा लोट, म्हणजे थर्मल, दुसरा. हा दुसरा डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा पायलट घारींकडे पाहतात. घार पंख न हलवता गोल गोल वर चढू लागली, की तिथे लोट आहे हे नक्की. मग हेही तिच्या वर्तुळात शिरतात. पहिल्या दिवशी मात्र शिकाऊला आकाश मिळत नाही. सपाट मैदानावर पंख पसरायचा, दोऱ्या ओढून तो डोक्यावर उभा करायचा, तोल सांभाळायचा आणि तो कोसळला की पुन्हा पसरायचा. एवढ्यापुरतं बीरगांवचं मैदानही चालेल.