दोन छाटण्यांची वेल

थंड मुलखातील द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून निजते; चीनमधील निंगशिया प्रदेशात तर ती गोठू नये म्हणून हिवाळ्यापूर्वी मातीखाली पुरतात. दख्खनच्या वेलीला ही निद्रा ठाऊक नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला. येथील द्राक्षांना वर्षातून दोनदा फळ येते, अशी त्याने नोंद केली. प्रवाशाला ते नवल वाटले असेल. बागाईतदाराला मात्र जी वेल हवामान थांबवीत नाही, ती स्वतःच थांबवावी लागते.

म्हणून नाशिक-सांगलीकडे कात्री वर्षातून दोनदा चालते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी तयार होते. उन्हाच्या तापात तिच्या डोळ्यांत घड आकार घेतात, पण बाहेरून दिसत नाहीत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तेच फुटतात. म्हणजे दोन बहारांपैकी एकाचे फळ जाणूनबुजून सोडलेले असते. ही दुसरी छाटणी फार लवकर झाली, तर परतीचा पाऊस केवडा रोग आणतो. उशीर झाला, तर कोवळी फूट थंडीत सापडते. आणि निफाडकडे पारा चार अंशांच्या खाली उतरला, की पक्व होत आलेले मणी तडकतात. अशा पहाटे शेतकरी बागेत शेकोट्या पेटवून बसलेले दिसतात.