पाणी पोचलं, निरोप नाही

३१ जानेवारी १९५३, शनिवारची रात्र. उत्तर समुद्रात वादळ उठलेलं, त्यात उधाणाची भरती. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर पाणी उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत गेलं. लिंकनशायरमध्ये ते संध्याकाळी सातच्या सुमारास शिरलं. टेम्सच्या मुखाजवळच्या कॅन्व्ही बेटावर मध्यरात्रीनंतर. मध्ये चांगले पाच-सहा तास होते हो! पण पुढच्या गावाला कळवायचं कुणी, हे ठरलेलंच नव्हतं. कॅन्व्हीत ५० हून जास्त माणसं गेली, अख्ख्या इंग्लंडात ३०७.

पलीकडे हॉलंडमध्ये तर इशारा दिलाही गेला होता. पण मध्यरात्रीनंतर रेडिओ बंद! तिथे १८३६ बळी.

त्यानंतर ब्रिटनने इशाऱ्याची कायमची यंत्रणा उभारली. उत्तरेकडच्या बंदरांतल्या भरतीमापकांवर पाणी अंदाजापेक्षा किती चढलं ते पाहायचं आणि दक्षिणेला कळवायचं. पुढे हे गणित संगणक करू लागले. ५ डिसेंबर २०१३ ला काही ठिकाणी पाणी १९५३ पेक्षाही वर गेलं, पण हजारो लोक आधीच सुरक्षित जागी हलले होते.

समुद्र तोच होता. या वेळी कुणीतरी वेळेवर दार वाजवलं, एवढंच.