धक्का, जहाजे आणि खरेदीखते

कॅलिफोर्नियात सॅन दिएगो शहराच्या किनाऱ्यावर ला होया हा श्रीमंतांचा भाग आहे. तेथील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचा इतिहास बहुधा देणग्यांच्या क्रमाने सांगितला जातो. प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रिटर यांनी १९०३ साली काम सुरू केले. पैसा वृत्तपत्रमालक ई. डब्ल्यू. स्क्रिप्स आणि त्यांची बहीण एलन यांचा. १९०७ मध्ये शहराची सुमारे १७० एकर जमीन अवघ्या एक हजार डॉलरला मिळाली. १९१२ मध्ये संस्था कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या छत्राखाली गेली. पुढे एलनबाईंच्या देणगीतून समुद्रात हजार फूट लांबीचा धक्का उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला आणि लाटांचे भाकीत करायला हे शास्त्र उपयोगी पडले; तेव्हापासून नौदलाची थैली मोकळी झाली.

जमीन, धक्का, जहाजे हे सारे हिशेबात येते. संशोधकाला रात्री पाठ टेकायला घर लागते, ते मात्र येत नाही. ला होयातील अनेक खरेदीखतांत गोऱ्या वंशाबाहेरच्या माणसाला येथे राहता येणार नाही, अशी अट असे. नोकर म्हणून राहिला तर चाले! ज्यूंसाठी कागदाचीही गरज नव्हती. दलालांचे आपसातले संगनमत पुरेसे होते. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे वांशिक करार न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला. दलालांचा व्यवहार तरीही चालूच राहिला.

आपल्याला हे नवे नाही. १९१७ साली परदेशी विद्या घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत आलेल्या बाबासाहेबांना पारशी वसतिगृहातून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. पद होते, पगार होता, छप्पर नव्हते.

स्क्रिप्सच्या शास्त्रज्ञांनी पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी एकत्र येऊन जमीन घेतली आणि भेदाची अट नसलेली स्वतःची वसाहत बांधली. संचालक रॉजर रेव्हेल यांना तेथे पूर्ण विद्यापीठ हवे होते. ज्यू प्राध्यापकांना घरे नाकारणार असाल तर विद्यापीठ येणार नाही, असे त्यांनी दलालांना बजावले. १९६० साली विद्यापीठ आले. दलालांचे हृदयपरिवर्तन झाले असे मानायला मी तयार नाही. विद्यापीठामुळे जमिनीला येणारा भाव त्यांना दिसत होता. शिवाय हे दार उघडले ते प्राध्यापकांसाठी.

काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांनी १९६९ मध्ये आपल्यासाठी वेगळ्या महाविद्यालयाची मागणी केली. त्याला लुमुंबा आणि झपाटा यांचे नाव द्यावे, हाही त्यांचा आग्रह होता. अँजेला डेव्हिस त्या लढ्यात होत्या. १९७० साली महाविद्यालय सुरू झाले. मागितलेले नाव मिळाले नाही. 'तिसरे महाविद्यालय' एवढेच. १९९३ मध्ये त्याला थरगूड मार्शल यांचे नाव दिले गेले. १९४८ च्या त्या निकालात निघालेल्या खटल्यांपैकी डेट्रॉइटच्या खटल्यात काळ्या घरमालकांची बाजू मांडणारे वकील हेच होते.