साठ हर्ट्झची कुळकथा

मांजरसुंब्यात महामार्गालगतच्या एखाद्या दुकानातला संगणक पाहा. त्याला मिळणारी वीज ५० हर्ट्झची, पण मॉनिटर बहुधा ६० हर्ट्झवर चालतो. या साठाचं कूळ शोधायला सिनेमाच्या प्रोजेक्टरपासून सुरुवात करावी लागते.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत. मूकपटात सेकंदाला साधारण १६ चित्रं असत. तेवढ्याच वेळा प्रकाश उघडमीट झाला, तर पडदा लुकलुकतो. म्हणून प्रोजेक्टरच्या शटरला तीन पाती बसवली. तेच चित्र तीनदा उजळायचं, म्हणजे ४८ वेळा प्रकाश. बोलपटात चित्रं २४ झाली, तिथे दोन पाती पुरली; बेरीज पुन्हा ४८. नवी चित्रं किती आणि पडदा किती वेळा उजळतो, हे दोन हिशेब तेव्हाच वेगळे झाले. पहिला आजचा फ्रेम रेट, दुसरा रिफ्रेश रेट.

टीव्हीने दुसरा हिशेब विजेशी बांधला. विजेच्या अडथळ्याचे पट्टे पडद्यावर सरकत राहू नयेत, म्हणून अमेरिकेने ६० धरला, युरोपने ५०. १९७२ साली सुरू झालेलं मुंबई दूरदर्शनही पन्नासाचंच. संगणक मात्र अमेरिकी घराण्यातला. आयबीएमच्या १९८७च्या व्हीजीएने ६४० बाय ४८०च्या चित्रासाठी जवळपास साठच ठेवला आणि तो आपल्या टेबलावर येऊन बसला.

ग्राफिक्स कार्डाने नवा पेच आणला. सिनेमाची चित्रं तयार असतात. गेममध्ये मात्र कार्डाला प्रत्येक चित्र त्याच क्षणी गणित करून रचावं लागतं. मोकळं मैदान झटकन होतं, धूर आणि गर्दीला वेळ लागतो. मॉनिटर तर ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी, १४४ला दर ६.९ मिलिसेकंदांनी चित्र मागतो. पडद्यावर रेखाटन चालू असताना चित्र बदललं, की वरचा भाग जुना, खालचा नवा आणि मधे चीर. व्ही-सिंक नावाच्या सोयीने कार्डाला मॉनिटरच्या फेरीसाठी थांबायला लावलं. चीर गेली, पण चित्राला जरा उशीर झाला तरी पुढच्या फेरीची वाट पाहणं आलं. साठाचे थेट तीस होऊ लागले.

२०१३ साली एनव्हिडियाच्या जी-सिंकने हा क्रम उलटवला. चित्र तयार होईपर्यंत मॉनिटरच थांबू लागला. पुढच्याच वर्षी अशी सोय मॉनिटर जोडण्याच्या डिस्प्लेपोर्ट या मानकातही आली.

मॉनिटर घेताना हे कूळ ध्यानात ठेवावं. कार्ड ५० चित्रं देत असेल, तर १४४ हर्ट्झचा मॉनिटर बराच वेळ तीच चित्रं पुन्हा दाखवतो. कार्ड २०० देत असेल आणि मॉनिटर ६०चा असेल, तर बहुतेक चित्रं पूर्ण दिसतच नाहीत. पैसे दोघांचा मेळ बसेल असेच वाटावेत.