विज्ञानकथेचा नायक : कल्पना

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कथेखाली लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव त्यापूर्वी कोणी ऐकलेले नव्हते, कारण अशी व्यक्तीच नव्हती. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावून ते टोपणनाव तयार झाले होते. हस्ताक्षरावरूनही ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगला यांनी लिहून काढली होती. खगोलशास्त्रज्ञ म्हणून नारळीकरांचे नाव तेव्हा देशभर परिचित होते. त्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये, एवढाच या लपंडावाचा हेतू होता. परीक्षकांसमोर आली ती केवळ कथा आणि तिच्या मुळाशी असलेली कल्पना : प्रबळ गुरुत्वाकर्षणामुळे कृष्णविवराजवळ काळाची गती मंदावते, मग तेथे जाऊन परतणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय येईल?

पुढच्याच वर्षी कऱ्हाड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रवाहाची आवर्जून दखल घेतली. पुढे २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडेच आले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. या अर्धशतकात मराठी विज्ञानकथा रुजली. पण ‘हे साहित्य की विज्ञानाचा धडा?’ ही शंका काही तिचा पाठलाग सोडत नाही. या शंकेचे उत्तर शोधायचे, तर या वाङ्मयप्रकारात कल्पनेचे स्थान नेमके कोणते, हे आधी पाहावे लागते.

कल्पनेची कसोटी

ब्रिटिश कादंबरीकार किंग्जली एमिस यांनी १९६० साली ‘न्यू मॅप्स ऑफ हेल’ या समीक्षाग्रंथात विज्ञानकथेचे एक मर्म सांगितले : या कथाप्रकारात पुष्कळदा पात्राऐवजी कल्पनाच नायकाच्या जागी उभी असते. सामाजिक कादंबरीत वाचक एखाद्या माणसाच्या मागोमाग जातो. येथे तो एखाद्या ‘जर’च्या मागोमाग जातो. तो ‘जर’ गृहीत धरला की पुढचे ‘तर’ टाळता येत नाही, आणि त्या ‘तर’च्या साखळीतूनच कथानक घडते.

यातूनच एक साधी कसोटी निघते. कथेतील विज्ञान काढून टाकले, तर कथा उरते का? मंगळावर घडणारी एखादी प्रेमकथा काहीही न बदलता रत्नागिरीत घडवता येत असेल, तर मंगळ हा केवळ रंगवलेला पडदा ठरतो. याउलट ‘कृष्णविवर’मधून काळाची मंदावणारी गती काढली, तर सांगण्यासारखे काहीच शिल्लक राहत नाही.

अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांतील सीमारेषाही येथेच आहे. परीकथेतील गालिचा उडतो तेव्हा तो कसा उडतो, असे कोणी विचारत नाही. विज्ञानकथेत लेखकाला एक सवलत मिळते. मात्र ती घेतल्यानंतरचा सगळा हिशेब चोख द्यावा लागतो. एच. जी. वेल्स यांच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५) या कादंबरीतील यंत्र ही अशीच सवलत आहे. कादंबरीची खरी कल्पना यंत्रात नाही. ऐतखाऊ श्रीमंत आणि तळघरात राबणारे कामगार यांच्यातील दरी अशीच रुंदावत गेली तर काय होईल, हा तिचा प्रश्न आहे. वेल्स इसवी सन ८०२७०१ पर्यंत जातात आणि तेथे माणसाच्या दोन वेगळ्या जाती झालेल्या दाखवतात : वरचे दुबळे एलॉय आणि त्यांनाच खाऊन जगणारे भूमिगत मॉरलॉक. आठ लाख वर्षांचा प्रवास करून वाचक अखेर एकोणिसाव्या शतकातील लंडनलाच पोहोचतो.

परिचित जगाला विचारलेला प्रश्न

नवी कल्पना वाचकाला ओळखीच्या जगापासून थोडे दूर नेते, आणि त्या अंतरावरून त्याला आपलेच जग नव्याने दिसू लागते. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ने (१८१८) निर्जीवात प्राण फुंकण्याची कल्पना घेतली आणि प्रश्न विचारला तो निर्मात्याच्या जबाबदारीचा. चेक नाटककार कारेल चापेक यांनी ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला. वेठबिगारीसाठी असलेल्या चेक शब्दावरून तो घेतला आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे; कृत्रिम कामगारांचे ते नाटक श्रमाच्या शोषणाबद्दलही आहे.

याच पद्धतीचे एक लखलखीत उदाहरण भारतातील आहे. रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुल्तानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात स्त्रिया राज्यकारभार आणि संशोधन करतात, सूर्याची उष्णता साठवून कामास लावतात, हवेतून प्रवास करतात. पुरुष मात्र जनानखान्यासारख्या ‘मर्दाना’त बंद असतात. पडदापद्धतीवर थेट टीका करणारे लेख त्या काळी लिहिले जात होतेच. रुकैया यांनी एकच बाजू उलटवली आणि बाकी सारे तर्कावर सोपवले. पुरुषांना कोंडणे हास्यास्पद वाटत असेल, तर स्त्रियांना कोंडणे स्वाभाविक कसे, हा प्रश्न मग वेगळा लिहावा लागला नाही.

आयझॅक असिमॉव्ह यांचे यंत्रमानवविषयक तीन नियम १९४२ सालच्या ‘रनअराउंड’ या कथेत प्रथम स्पष्टपणे मांडले गेले. माणसाला इजा न करणे, माणसाची आज्ञा पाळणे आणि स्वतःचे रक्षण करणे, असा त्यांचा उतरता क्रम. या नियमांनी यंत्रे सुरक्षित कशी होतात, हे असिमॉव्ह यांच्या कथा सांगतात, असा एक समज आहे. प्रत्यक्षात त्यांतील अनेक कथा नियम काटेकोर पाळूनही गोंधळ कसा होतो, याच्या आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेला मर्यादा घालण्याची चर्चा आज चालू असताना त्या कथांचा उपयोग आहे तो याच ठिकाणी. नियम लिहिणे सोपे असते. प्रत्येक परिस्थितीत त्याचा अर्थ काय होईल, हे आधी सांगणे अवघड असते.

मराठी मातीतील कल्पना

कल्पनेला देशाची सीमा नसते, पण ती कथेत उतरते तेव्हा तिला पत्ता लागतो. नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत अवकाशाला पीळ देऊन वस्तूची आरशातील प्रतिमा प्रत्यक्षात आणण्याची कल्पना आहे. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोके जोडली की मोबियसची पट्टी तयार होते. तिच्यावरून सरकत एक फेरी पूर्ण करणारी सपाट आकृती डावी-उजवी बदलून परत येते. असेच त्रिमिती अवकाशात घडले तर डावखुरा उजवा होईल आणि हृदय उजवीकडे जाईल. हीच कल्पना वेल्स यांनी १८९६ साली ‘द प्लॅटनर स्टोरी’त वापरली होती. मराठी कथेत मात्र तिची खूण म्हणून गणपतीची सोंड येते. उजव्या सोंडेची मूर्ती दुर्मीळ आणि तिचे सोवळे कडक, हे ज्या वाचकाला घरातूनच ठाऊक आहे, त्याला भूमितीतील हा बदल समजावून सांगावा लागत नाही.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर दुसऱ्याच इतिहासात जाऊन पडतात. त्या जगात १७६१च्या लढाईत विश्वासरावांना लागणारी गोळी किंचित हुकलेली असते आणि मराठे जिंकलेले असतात. कथेतील स्पष्टीकरण दोन आधारांवर उभे आहे. लहानशा फरकाने मोठी उलथापालथ कशी होते हे सांगणारी ‘कॅटॅस्ट्रॉफी थिअरी’ हा एक, आणि एकाच स्थितीतून अनेक शक्यता मान्य करणारा क्वांटम सिद्धान्त हा दुसरा. पानिपतची सल मराठी मनात अडीचशेहून अधिक वर्षे आहे. ‘तेव्हा जिंकलो असतो तर?’ हा उसासा या कथेने प्रश्नात रूपांतरित केला. तिचे इंग्रजी रूप ‘एनसीईआरटी’च्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने ती महाराष्ट्राबाहेरच्या विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचली.

नारळीकरांच्या आगेमागे आणि बरोबरीने लिहिणाऱ्यांनी ही भूमी विस्तृत केली. भा. रा. भागवत यांच्या अनुवादांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. लक्ष्मण लोंढे यांनी ‘दुसरा आइनस्टाइन’मध्ये शास्त्रज्ञाचे शरीर संपले तरी मेंदू कार्यरत ठेवता आला तर, हा प्रश्न घेतला. बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण साधू, शुभदा गोगटे यांनी वेगवेगळ्या वाटांनी हा प्रकार हाताळला.

भाकीत नव्हे

विज्ञानकथेचे मोल ठरवताना तिची किती भाकिते खरी ठरली, याची यादी देण्याची प्रथा आहे. दूरसंचार उपग्रहांचे श्रेय आर्थर क्लार्क यांच्या विज्ञानकथांना दिले जाते, ते असेच. वस्तुतः विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील स्थिर उपग्रहांमार्फत जगभर प्रक्षेपण करण्याची योजना क्लार्क यांनी १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या तांत्रिक मासिकातील लेखात मांडली होती. ती कथा नव्हती. विज्ञानकथा भविष्य सांगत नाही, तर वर्तमानाचे वर्णन करते, अशी भूमिका अमेरिकी लेखिका उर्सुला ल ग्विन यांनी ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) या कादंबरीला पुढे जोडलेल्या प्रस्तावनेत घेतली, ती या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नारळीकरांची ‘धूमकेतू’ ही कथा या दृष्टीने पाहता येते. पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूला यानाच्या साहाय्याने मार्गावरून हटवण्याची योजना तिच्यात आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘नासा’चे ‘डार्ट’ यान डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले आणि त्याचा प्रदक्षिणाकाल सुमारे ३२ मिनिटांनी घटला. कथा ‘खरी ठरली’ असे म्हणण्याचा मोह येथे होतो. परंतु कथेचा गाभा यानात नाही. धूमकेतूचा शोध लावणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात संकटनिवारणासाठी यज्ञ चालू असतो, त्यात आहे. विज्ञान वापरणारा समाज वैज्ञानिक दृष्टीने विचार करतोच असे नाही, ही तिची कल्पना. आणि कोणत्याही यानाच्या यशाने ती शिळी होत नाही.

दोन धोके

कल्पनेला नायकपद देण्यात दोन धोके असतात. पहिला धोका व्याख्यानाचा. शास्त्रज्ञ पात्राने अज्ञ पात्राला दोन पाने सिद्धान्त समजावून सांगायचा आणि अज्ञ पात्राने अधूनमधून ‘अस्सं?’ म्हणायचे, ही रचना मराठी विज्ञानकथेत पुष्कळदा आढळते. विज्ञानप्रसार हा तिच्या जन्माचाच एक हेतू असल्याने हा दोष तिला लवकर चिकटला. माहिती कितीही अचूक असली, तरी तिच्यामुळे कोणाच्या आयुष्यात काही बदलले नाही, तर तेथे धडा असतो, कथा नसते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. टॉम गॉडविन यांच्या ‘द कोल्ड इक्वेशन्स’ (१९५४) या कथेत औषधे घेऊन निघालेल्या यानात एक मुलगी लपून बसते. इंधन नेमके मोजून दिलेले. तिच्या वजनासह यान उतरू शकत नाही. तिला बाहेर टाकण्यावाचून गत्यंतर नसते. निसर्गनियमांना दया नसते, असे ही कथा बजावते. त्यावर गेली कित्येक दशके घेतला जाणारा आक्षेप असा : इंधनात जराही राखीव साठा न ठेवण्याचा आणि यानाची तपासणी न करण्याचा निर्णय निसर्गाचा नव्हता. तो माणसांचा होता, म्हणजे अखेर लेखकाचा. समीकरणे निर्दय खरी, पण ती कोणी मांडली, हे विचारायलाच हवे. कल्पनाप्रधान कथा वाचताना गृहीतकाकडे डोळसपणे पाहण्याची सवय वाचकाला लागते. आकड्यांच्या आधारे ‘दुसरा पर्यायच नाही’ असे जेव्हा प्रत्यक्षात सांगितले जाते, तेव्हाही ती उपयोगी पडते.

कल्पनेचे वय

नारळीकरांच्या ‘पुत्रवती भव’ या कथेचा ‘जर’ अगदी घरगुती आहे : मुलगा हवा की मुलगी, हे आईबापांना ठरवता आले तर? त्याचे ‘तर’ शोधायला परग्रहावर जावे लागत नाही. प्रत्यक्षात हा पर्याय गर्भलिंगचाचणीच्या रूपाने आला. तिला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वप्रथम, केला. केंद्राचा कायदा १९९४ सालचा. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली.

कथेने हे थांबवले नाही. ते कथेचे सामर्थ्यही नव्हे. एखादे तंत्र हाती येण्यापूर्वी ‘आपण त्याचे काय करू?’ असे विचारण्याची जागा समाजाला फार थोड्या ठिकाणी मिळते, आणि विज्ञानकथा ही त्यांपैकी एक आहे. तेथे विचारलेला प्रश्न ऐकायचा की नाही, हे मात्र वाचकांवरच सोपवलेले असते.