कर्करोगग्रस्त मुलांची मनोरंजन शिबिरे

कर्करोगाने पीडित मुले व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी रुग्णालयाबाहेर, परंतु वैद्यकीय देखरेखीखाली भरविण्यात येणारी निवासी शिबिरे. रोग बरा करणे हा त्यांचा हेतू नसून, रोगाने व उपचारांनी हिरावलेले बालपण खेळ, कला व साहस यांच्या द्वारे काही अंशी परत मिळवून देणे हा आहे.

या शिबिरांचा उगम वैद्यकाच्या यशात आहे. मुलांमधील तीव्र ल्यूकेमिया औषधाने तात्पुरता आटोक्यात येतो, हे सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये बॉस्टन येथे दाखविले. तोपर्यंत असे मूल बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावत असे. १९६२ पासून मेंफिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे व प्रारण यांची सांगड घातली आणि त्या दशकाच्या अखेरीस सुमारे निम्मी मुले दीर्घकाळ रोगमुक्त राहू लागली. मात्र हे उपचार दोन-तीन वर्षे चालत. केस गळलेले, शाळेला मुकलेले, संसर्गाच्या धास्तीने घरात कोंडलेले मूल आता जगत होते. त्याने जगावे कसे, याचे उत्तर रुग्णालयापाशी नव्हते. १९७० नंतर अमेरिकेत या मुलांसाठी स्वतंत्र उन्हाळी शिबिरे निघाली, ती या गरजेतून.

त्यांतील विशेष प्रभावी ठरलेले शिबिर अभिनेते पॉल न्यूमन यांनी १९८८ मध्ये कनेक्टिकट राज्यात ॲशफर्ड येथे सुरू केले. ‘होल इन द वॉल गँग कँप’ हे त्याचे नाव न्यूमन यांच्या १९६९ मधील एका चित्रपटातील दरोडेखोरांच्या टोळीवरून घेतलेले आहे. येल विद्यापीठातील बालरक्तरोगतज्ञ हॉवर्ड पीअर्सन यांनी वैद्यकीय बाजू सांभाळली. शिबिराची रचना पश्चिमेकडील जुन्या वसाहतीसारखी असून दवाखान्यालाही ‘ओके कोरल’ असे गमतीदार नाव आहे. डॉक्टर हाताशी असावेत, पण मुलाला जाणवू नयेत, ही त्यामागील कल्पना. मुलांकडून शुल्क घेतले जात नाही.

आयर्लंडमधील बॅरेट्‌सटाउन येथे १९९४ मध्ये याच धर्तीचे शिबिर निघाले. आव्हान, यश, चिंतन व आत्मशोध अशी तेथील क्रमवारी आहे. दोरावर किती उंच चढायचे, हे मूलच ठरवते. दीर्घकाळ इतरांच्या निर्णयांनुसार वागलेल्या मुलाला हे स्वातंत्र्य लहान वाटत नाही. आजाऱ्याच्या शुश्रूषेत दुर्लक्षिल्या गेलेल्या भावंडांसाठी, तसेच मूल गमावलेल्या कुटुंबांसाठीही तेथे शिबिरे भरतात.

आत्मविश्वास व सोबतीची भावना वाढल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. परंतु बहुतेक पाहण्या लहान व अल्पकालीन असल्याने हा परिणाम किती टिकतो, याविषयी सावधगिरीच हवी. शिबिरांचा प्रसारही विषम आहे. संपन्न देशांत कर्करोगग्रस्त मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले वाचतात, तर अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे; तेथे अद्याप निदान व औषधे यांचीच वानवा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये, २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुले वाचविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले.