एसीतील वायू का बदलला?

घरगुती एसीत वर्षानुवर्षे आर-२२ हा वायू भरला जाई. गळती झाल्यास तो ओझोनच्या थरास इजा करतो. त्यामुळे १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार भारतात नव्या यंत्रांच्या निर्मितीतील त्याचा वापर १ जानेवारी २०२५ पासून थांबला. पर्यायी आर-४१०ए ओझोनला निरुपद्रवी. परंतु समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट तापमानवाढ घडवणारा. म्हणजे आगीतून फुफाट्यातच! २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार अशा वायूंचा वापरही भारताला २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. नव्या एसींतील आर-३२ साठी हा आकडा ६७५ आहे. आर-२९०, म्हणजेच प्रोपेन, याहून कितीतरी सौम्य. मात्र तो अतिज्वलनशील आहे. आर-३२ ही काही प्रमाणात पेट घेतो. म्हणूनच आर-२२ च्या जुन्या यंत्रात यांपैकी कोणताही वायू भरून घेणे धोक्याचे ठरते.